शेगावचं दर्शन झालं, आता दोन दिवस आपले!

संसारी बाईला घराबाहेर पडायचं म्हणजे काहीतरी कारण लागतं. लग्नकार्य, कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण, नाहीतर देवदर्शन. यातल्या पहिल्या तिन्ही ठिकाणी आपण जातो त्या दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहायलाच! उरलं देवदर्शन. "जरा चार दिवस फिरून येते" म्हटलं तर घरात दहा प्रश्न उभे राहतात. पण "शेगावला जाऊन येते" म्हणा, सासूबाईसुद्धा "माझाही नमस्कार सांग हो" म्हणून दक्षिणेचे अकरा रुपये हातावर ठेवतात. नोकरी करणाऱ्या, स्वतःचा पगार आणणाऱ्या मुलींच्या घरीही हे फारसं बदललेलं आहे असं मला तरी दिसत नाही.

आणि मोठ्या मुश्किलीने मिळालेली ही रजा आपण वापरतो कशी? रात्रीच्या गाडीने निघायचं, सकाळी शेगावला उतरायचं, रांगेत उभं राहायचं, दर्शन, महाप्रसाद, कचोरीचे दोन पुडे, आणि संध्याकाळी परत गाडीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवायला आपण ओट्याशी हजर! महाराजांनी बोलावलं ते एवढ्यासाठीच का? ज्या जिल्ह्यात शेगाव आहे, त्याच जिल्ह्यात लोणारचं तळं आहे, त्याच जिल्ह्यात जिजाऊचं माहेर आहे. तिथवर जाऊन ही दोन ठिकाणं न पाहता माघारी फिरणं म्हणजे पंगतीला बसून नुसतं मीठ-लिंबू खाऊन उठण्यासारखंच झालं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की देवाच्या नावाने एक दिवस मिळतोच आहे, त्याला आणखी दोन दिवस जोडून घ्या. घरच्यांना आधीच सांगा, की येताना जालन्याहून गाडी धरणार. एकदा तिकीटच तसं काढलं, की कुणी काही बोलत नाही.

बुलढाणा जिल्हा म्हणजे विदर्भाचा अगदी पश्चिमेकडचा तुकडा. उत्तरेला सातपुडा, मधून अजिंठ्याच्या डोंगराची रांग. त्यामुळे इथली माणसं 'घाटाखाली' आणि 'घाटावर' असे दोन भाग करून बोलतात. शेगाव, खामगाव ही घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या सपाट जमिनीत. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा घाटावर. आपला प्रवास खालून वर चढत जायचा आणि वरच्या वरच मराठवाड्यात उतरायचं, अशा बेताने आखला तर कुठे उलट यावं लागत नाही.

आधी शेगाव

शेगाव मुंबई-नागपूर लोहमार्गावरच आहे, तेव्हा पोचायची चिंता नको. स्टेशनापासून मंदिर जवळ आहे. गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ ला, माघ वद्य सप्तमीला. देविदास पातुरकरांच्या घरची पंगत उठली होती, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या होत्या, आणि एक तरुण त्या पत्रावळींवरची शितं वेचून खात होता. बंकटलाल अग्रवालांनी त्यांना पाहिलं. दासगणू महाराजांच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथामुळे ही गोष्ट घरोघरी पोचलेली आहे. मला मात्र ती दरवेळी नव्याने लागते, कारण रात्री पातेल्यात उरलेल्या भाताचं काय करायचं हा प्रश्न आपल्याला रोजचाच आहे. अन्न हे ब्रह्म, असं नुसतं तोंडाने म्हणणं वेगळं आणि टाकलेलं शीत वेचून दाखवणं वेगळं.

महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० ला, ऋषिपंचमीच्या दिवशी समाधी घेतली. समाधी तळघरात आहे, वर रामाचं मंदिर. दर्शनाला गर्दी असतेच, गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवशी तर विचारूच नका; शक्य तर आठवड्यातला दुसरा एखादा वार धरा. पण गर्दी असूनही इथे जे दिसतं ते फार थोड्या तीर्थक्षेत्री दिसतं, ते म्हणजे शिस्त आणि स्वच्छता. पांढऱ्या कपड्यातले सेवेकरी "माउली" म्हणून हाक मारतात, वाट दाखवतात, हातात झाडू घेऊन कोपरे काढतात. कुणी अंगावर ओरडत नाही, कुणी दक्षिणेसाठी हात पुढे करत नाही. संस्थानची घडी अशी बसवण्यात शिवशंकरभाऊ पाटील यांचा वाटा फार मोठा. ४ ऑगस्ट २०२१ ला ते गेले. ज्या बाईने आयुष्यभर एक घर आवरलं आहे, तिला एवढं मोठं घर रोज आवरलेलं पाहून काय वाटतं, ते मी निराळं सांगायला नको.

महाराजांच्या नैवेद्याला पिठलं-भाकरी, अंबाडीची भाजी, कच्चा कांदा आणि हिरवी मिरची. पंचपक्वान्नं नाहीत! अंबाडी आपल्याकडे बाजारात दिसली तर जरूर घ्या. पानं उकडून त्यांचं आंबट पाणी पिळून टाकायचं, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची, घोटायची, आणि वरून भरपूर लसणाची चरचरीत फोडणी. गूळ आवडीप्रमाणे.

शेगावची कचोरी सर्वांना ठाऊकच आहे. एक सूचना: पुडे पहिल्याच दिवशी घेऊन तीन दिवस उन्हातून हिंडवू नका. तिथेच गरम खा. घरी न्यायचा आग्रहच असेल तर फक्त कोरड्या सारणाची नि लगेच परतणाऱ्या कुणाबरोबर पाठवा.

खामगाव, मेहकर आणि वाटेतलं जंगल

शेगावहून खामगाव अगदी जवळ, सोळा-सतरा किलोमीटर. एके काळी कापसाच्या बाजाराचं हे मोठं गाव; कापसासाठीच इंग्रजांनी जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आणला. आज बायकांच्या तोंडी खामगावचं नाव आहे ते चांदीसाठी. शुद्धतेबद्दल इथल्या चांदीचा लौकिक दूरवर आहे. पूजेची उपकरणी, जोडवी, बाळाचे वाळे घ्यायचे मनात असेल तर इथे थांबा. पण पावती घेतल्याशिवाय आणि वजन डोळ्यांदेखत केल्याशिवाय खरेदी नाही, हा नियम खामगावातही पाळायचा. आणि हो, चांदीची खरेदी म्हणजे दोन तास गेले असं समजा. बरोबरची मंडळी कुरकुरणारी असतील तर त्यांना चहाला पाठवून द्या.

खामगावहून बुलढाण्याकडे बोथ्याच्या घाटातून जो रस्ता चढतो तो ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. स्वतःची गाडी असेल तर ही वाकडी वाट करण्यासारखी आहे. साग, अंजन, पावसाळ्यानंतर हिरवेगार डोंगर, बिबटे, अस्वलं. वाघ मात्र इथले नव्हेत. पण २०१९ साली यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून जास्त चालून इथे येऊन पोचला होता. गळ्यात रेडिओ-पट्टा असल्यामुळे त्याचा माग लागला. शेतं, नाले, रस्ते, गावं ओलांडत तो आला, आणि सबंध वाटेत माणसांना तो फारसा दिसलाही नाही. जोडीदारीण शोधायला निघाला असावा, असं जाणकार म्हणतात. इतकं चालून इथे तिचा पत्ताच नाही, तेव्हा बिचाऱ्याची काय अवस्था झाली असेल ते वनखातंच जाणे!

याच डोंगरात मढ गावाजवळ पैनगंगा उगम पावते. याच भागात सैलानीबाबांचा दर्गा आहे, होळीच्या सुमारास तिथे सर्व धर्मांच्या लोकांची मोठी यात्रा भरते. मनाने आजारी असलेल्या माणसांना घेऊन पुष्कळ कुटुंबं तिथे येतात. श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही, पण घरात असं माणूस असेल तर डॉक्टरांची औषधं यात्रेसाठी एक दिवसही बंद करू नये, एवढं सांगितल्यावाचून राहवत नाही.

एस.टी.ने जाणाऱ्यांनी मात्र हा फाटा सोडून खामगावहून सरळ मेहकर गाठावं. मेहकर पैनगंगेच्या काठी. इथल्या बालाजीची म्हणजे शार्ङ्गधराची मूर्ती १८८८ साली जमिनीखालून निघाली. काळ्या पाषाणाची, पुरुषापेक्षा कितीतरी उंच. भोवतीचं कोरीव काम इतकं नाजूक की गळ्यातल्या दागिन्याचे मणी मोजून घ्यावेत. अर्धा तास पुरे होतो. तिथून लोणार पंचवीसएक किलोमीटर.

लोणार: हळद लाल करणारं पाणी

लोणारला मुक्काम करा. दुपारी पोचून, तळं काठावरून बघून, फोटो काढून संध्याकाळी निघणारे लोक मी पुष्कळ पाहिले. त्यांनी लोणार पाहिलं असं मी मानत नाही.

गोष्ट अशी सांगतात, की लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली दडून राहायचा. विष्णूने सुंदर रूप घेतलं, दैत्याच्या बहिणींना भुलवून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला, आणि भुईवरचं झाकण उडवून त्याला मारलं. तो खड्डा म्हणजे हे तळं. दैत्याच्या रक्तामांसाने त्याचं पाणी खारट झालं. शास्त्रज्ञ सांगतात ती गोष्टही वरूनच येते. आकाशातून एक उल्का प्रचंड वेगाने येऊन काळ्या पाषाणात आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं, काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल असं हे विवर झालं. किती वर्षांपूर्वी? आधी पन्नास-बावन्न हजार वर्षं म्हणत; नंतरच्या मोजणीत हा आकडा अदमासे पावणेसहा लाख वर्षांवर गेला. बेसाल्ट खडकात उल्केने झालेली आणि इतकी नीट राहिलेली विवरं जगात फार थोडी आहेत. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या तळ्याची नोंद केली, असं पुस्तकांतून असतं. पण त्याच्या आधी दोनशे वर्षांहून जास्त काळ 'ऐन-इ-अकबरी'त हे तळं आहे, आणि त्यातून साबण आणि काच करण्याचं द्रव्य मिळतं हेही त्यात आहे. हा खार काढण्याचा धंदा पुढे कितीतरी वर्षं चालू होता.

म्हणजे पाणी नुसतं खारट नाही, सोड्यासारखं अल्कधर्मी आहे. याचा पुरावा आपल्या मिसळणाच्या डब्यातच आहे! जाताना हळदीची एक छोटी पुडी आणि वाटी बरोबर ठेवा. वाटीत तळ्याचं पाणी घेऊन चिमूटभर हळद टाका. बघता बघता पाणी लाल. हळदीचा डाग पडलेल्या साडीला साबण लावला की डाग लालभडक होतो ना, तोच हा प्रकार. मुलं बरोबर असतील तर त्यांना हा प्रयोग करू द्या, शाळेतल्या धड्यापेक्षा लक्षात राहील. वाटीतलं पाणी मात्र परत तळ्यात न टाकता बाजूला मातीत ओतायचं.

आणि नवल असं, की इतक्या खाऱ्या तळ्याच्या काठाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत. काठावर गोमुखातून अखंड पडणारी 'धार' आहे. भर उन्हाळ्यात, आसपासच्या विहिरी तळाला गेलेल्या असतानाही ती वाहते. जवळच सीतान्हाणी. धारेवर आंघोळ करण्याचं पुण्य मोठं मानतात, बायका ओलेत्याने देवाला जातात. आडोसा पुरेसा नाही, तेव्हा अंगभर कपडे आणि एक मोठा पंचा जवळ असू द्यावा.

गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे, ते सकाळच्या उन्हात पाहा. हेमाडपंती म्हणून ओळखलं जातं. बाहेरच्या भिंतीला इतके कोन पाडले आहेत की वरून पाहिलं तर चांदणीसारखा आकार दिसावा. मूर्तींची झीज झाली आहे, काही तोडल्या गेल्या आहेत, तरी कपडे, केशरचना, हातातली वाद्यं ओळखू येतात. छतावर पुराणातले प्रसंग कोरलेले आहेत, ते पाहायला मान वर करून उभं राहावं लागतं. पुजाऱ्याला विनंती केली तर तो बॅटरी लावून दाखवतो. गावाबाहेर अंबर तळ्याशी मोठा मारुती आहे, हा मारुती चक्क आडवा निजलेला आहे. आमच्या वन्सं म्हणाल्या, "चला, एक तरी देव असा आहे की ज्याला दुपारची झोप लागते."

विवरात खाली उतरायचं ते सकाळी लवकर, पाण्याची बाटली घेऊन आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊन. हा सगळा भाग अभयारण्य आहे, वनखात्याच्या माणसांकडे आधी चौकशी करा, एकट्यादुकट्याने झाडीत शिरू नका. चपला नकोत, बूट हवेत. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी हट्ट करू नये. उतरताना काही वाटत नाही, चढताना जीव मेटाकुटीला येतो. काठावरच्या बाकावर बसून मोर ऐकत राहणं हेही काही कमी सुखाचं नाही. खाली गेलात तर झाडीत दडलेली पडकी देवळं एकामागून एक लागतात. कुठे वडाने देऊळ धरून ठेवलंय, कुठे देवळाने वडाला. आणि पाण्याच्या कडेला कमळजादेवी. आसपासच्या गावांचं हे श्रद्धास्थान, नवरात्रात इथे यात्रा असते.

आता जरा मनाला लागलेलं बोलते. जून २०२० मध्ये हे तळं एकाएकी गुलाबी झालं होतं, आठवतं ना? टाळेबंदीत घरी बसलेल्या सगळ्यांनी ते फोटो पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, तेव्हा खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग आणला होता असं निघालं. पाणी आटलं, मिठाचं प्रमाण वाढलं, तसे ते जीव वाढले. पुढे पाऊस झाला आणि रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला 'रामसर' पाणथळींच्या जागतिक यादीत स्थान मिळालं.

त्यानंतरच्या वर्षांत उलटी गोष्ट झाली. पाणी वाढत गेलं, कमळजेच्या देवळापर्यंत आलं. आपल्याला वाटतं, पाणी वाढलं म्हणजे चांगलंच. लोणारचं तसं नाही. या तळ्याचा जीव त्याच्या खारटपणात आहे. इथलं शेवाळ, इथले सूक्ष्म जीव, त्यांच्यावर जगणारे पक्षी हे सगळं त्या खारावर उभं आहे. झऱ्यांचं, पावसाचं, वरून वाहून येणारं पाणी खूप झालं की खार पातळ होतो. लोणचं घातलेल्या बरणीत पाणी गेलं तर काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको! त्यात गावाचं सांडपाणी, शेतातली खतं, काठावर होणारी धुणी आणि आंघोळीचा साबण यांची भर. हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे कित्येक वर्षं आहे. सरकारी कामं सरकार करो. पण धारेवर शांपूच्या रिकाम्या पुड्यांचा जो खच पडलेला असतो, तो सरकारने टाकलेला नाही. त्या पुड्या पुरुषांच्याही असतील, पण बहुतेक आपल्याच. धारेखाली उभं राहायचं तर नुसत्या पाण्याने अंग भिजवा, साबण मुक्कामाच्या खोलीवर लावा. देवीची ओटी भरताना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तयार संच घेऊ नका. घरून खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी कापडी पिशवीत नेलं की झालं. नारळ फोडलात तर करवंटी परत आणा. आमच्याबरोबरच्या एका काकूंनी आधी नाक मुरडलं, "देवीपुढचं परत कसं न्यायचं?" मग त्यांनीच सगळ्यांच्या करवंट्या आपल्या पिशवीत गोळा केल्या.

सिंदखेडराजा: एका मुलीचं माहेर

लोणारहून सिंदखेडराजा पन्नासएक किलोमीटर. रस्त्याच्या कडेलाच लखुजीराजे जाधवांचा भुईकोट राजवाडा उभा आहे. दरवाजा एवढा उंच, की हत्ती अंबारीसकट आत यावा. आत गेल्यावर मात्र वाड्याचं वाडेपण पायऱ्या, जोती, तळघरं आणि भिंती यांवरून मनानेच उभं करावं लागतं. १२ जानेवारी १५९८ ला इथे जिजाऊंचा जन्म झाला.

शिवनेरी, राजगड, रायगड, लाल महाल, सगळीकडे जिजाऊ आपल्याला 'आईसाहेब' म्हणून भेटतात. सिंदखेडराजाला त्या मुलगी म्हणून भेटतात. या अंगणात ती खेळली असेल, या तळघरात लपली असेल, असं मनात येतं आणि पुतळ्यातली करारी चेहऱ्याची राजमाता एकदम आठ-दहा वर्षांची होते. जवळच रंगमहाल आहे. लहानग्या शहाजीराजांनी आणि जिजाऊंनी रंगपंचमीला एकमेकांवर रंग उडवला आणि लखुजीराजे कौतुकाने "जोडा शोभतो" म्हणून गेले, ती बखरीतली गोष्ट इथली म्हणून सांगतात. इतिहासकार तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. नाही ठेवला तरी चालेल. लग्नाचं ठरताना मुलीला कुणी विचारलं नव्हतं, एवढं त्या गोष्टीतही खरं आहे.

पुढे जाधव आणि भोसले या दोन घराण्यांत वितुष्ट आलं. सासर एका बाजूला, माहेर दुसऱ्या बाजूला. आणि २५ जुलै १६२९ ला निजामशहाने लखुजीराजांना देवगिरीच्या किल्ल्यात दरबारात बोलावून दगाफटक्याने मारलं. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि यशवंतराव हा नातूही मारला गेला. एका दिवसात बाप, दोन भाऊ आणि भाचा! त्या वेळी शिवाजीराजे जिजाऊंच्या पोटात होते. जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे बातमी कळली तेव्हा दिवस गेलेले. गरोदर बाईच्या कानावर वाईट गोष्ट जाऊ देऊ नये म्हणून आपण केवढी काळजी घेतो. त्या बाईला हे कुणी, कसं सांगितलं असेल?

आम्ही गेलो त्या दिवशी एका खेड्यातल्या शाळेची सहल आली होती. बाईंनी मुलींना ही हकीगत सांगितली. एक दोन वेण्यांची मुलगी विचारू लागली, "बाई, मग जिजाऊ दिवाळीला कुणाकडे जायच्या?" बाईंना पटकन उत्तर सुचेना. जोत्यावर टेकलेली एक म्हातारी, बहुधा गावातलीच, तीच बोलली, "बाप गेला की माहेर गेलं, माय." मुली पुढच्या दालनात गेल्या. आम्ही तिघी-चौघी काही वेळ तिथेच राहिलो. आमच्यातल्या एकीचे वडील नुकतेच गेले होते.

गावातच लखुजीराजांची समाधी आहे. दगडी, चौरस, डौलदार घुमटाची, आकाराने केवढी तरी मोठी. २०२४ साली पुरातत्त्व खात्याचं डागडुजीचं काम चालू असताना या समाधीजवळ जमिनीखाली जुन्या शिवमंदिराचा पाया लागला आणि त्यानंतर शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती निघाली. विष्णू आरामात पहुडलेले आणि लक्ष्मी पाय चेपते आहे. इतकी वर्षं मातीखाली राहूनही तिला सुट्टी नाहीच!

पाण्याची आवड असेल त्यांनी मोती तलाव आणि चांदणी तलाव पाहावेत. मोती तलावाचा बांध आणि पाणी सोडण्याची जुनी व्यवस्था पाहण्याजोगी आहे. पुतळा बारव तर चुकवूच नका. पायऱ्यांची विहीर, आणि भिंतीत ठिकठिकाणी बसवलेल्या दगडी मूर्ती. पाण्याला येणाऱ्या बायकांना त्या रोजच्या ओळखीच्या झाल्या असतील.

१२ जानेवारीला इथे लाखो लोक जमतात. तो सोहळा पाहायचा असेल तर खुशाल जा, पण त्या दिवशी वाडा दिसत नाही, माणसंच दिसतात. मुलीला घेऊन शांतपणे पाहायचं असेल तर पुढेमागे आठ-दहा दिवस ठेवा.

थोडं व्यवहाराचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. मार्च उजाडला की ऊन मी म्हणतं. मे महिन्यात या भागात पाहुण्याने जाऊच नये. ऑगस्ट-सप्टेंबरात लोणार हिरवंगार दिसतं, पण विवरातल्या वाटा निसरड्या होतात.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना पूर्ण मोफत. आधारकार्ड पर्समध्ये हाताशी ठेवा, तळाशी नको. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, मेहकर आणि सिंदखेडराजाला उतरता येतं, त्यामुळे मोटारीने येणाऱ्यांची सोय झाली आहे. पण सरळ, रिकामा रस्ता आणि रात्रीची वेळ, चालकाला डुलकी लागायला काय वेळ? १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. घरचे कितीही "रात्रीत पोचू" म्हणाले तरी उजेडीच प्रवास करायचा, हे आपण ठरवलं तर होतं.

स्वच्छतागृहांचं मात्र रडगाणं आहे. शेगावला तक्रारीला जागा नाही. पुढे एका बसस्थानकावर आम्ही दार लोटलं आणि तसंच ओढून घेतलं. म्हणून बायका काय करतात, तर पाणीच पीत नाहीत, आणि घरी येऊन मूत्रमार्गाचा दाह घेऊन बसतात. असं करू नका. मुक्कामाच्या ठिकाणाहून निघताना, जेवायला थांबाल तिथे, जमेल तिथे जाऊन घ्या आणि पाणी भरपूर प्या. कागदी साबण, जुना स्वच्छ पंचा आणि एक रिकामी बाटली पिशवीत असू द्या.

खायला घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि लिंबाचं लोणचं न्या. दशम्या दुधात भिजवलेल्या असतात, तेव्हा थंडीतही दोन दिवसांत संपवायच्या. तिसऱ्या दिवशी लोणारला किंवा सिंदखेडराजाला एखाद्या खाणावळीत ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा सांगा. ठेचा आधी बोटाच्या टोकावर घेऊन बघा, वऱ्हाडी हात सढळ असतो.

सिंदखेडराजाहून जालना तेहतीस-चौतीस किलोमीटर, एस.टी. आहेत. हातात अर्धा दिवस असेल तर वाट थोडी वाकडी करून देऊळगावराजाच्या बालाजीचं दर्शन घ्या. जालन्याहून मुंबईकडे आणि नांदेडकडे रेल्वेगाड्या मिळतात, आरक्षण निघतानाच करून ठेवावं. लोणारच्या मुक्कामाची खोलीही आधी ठरवा, शनिवार-रविवार धरून गेलात तर आयत्या वेळी मिळत नाही.